उभ्या गाडीचा धूर आणि गावाचा नियम

साखरखेर्डा हे नाव इतिहासाच्या पुस्तकांत एका लढाईमुळे आले. १७२४ साली निजाम-उल्-मुल्क आसफजाह याने मुबारिझखानाचा येथे पराभव केला, दक्षिणेतील निजामाच्या राज्याचा पाया त्या लढाईने घातला गेला आणि विजेत्याने गावाचे नाव पालटून ते फतेहखेर्डा असे ठेवले. ते नाव सरकारी दप्तरांत पडून राहिले. लोकांच्या तोंडी साखरखेर्डाच टिकले. पलसिद्धांचा मठ आणि प्रल्हाद महाराज रामदासी यांचे स्थान यांमुळे हे गाव भाविकांनाही परिचित आहे. येथे मांडावयाचा विषय मात्र लढाईचाही नाही आणि तीर्थाचाही नाही. विषय धुराचा आहे, आणि तोही तोफांच्या नव्हे, तर बसस्थानकासमोर, शाळेच्या फाटकापाशी आणि बाजारपेठेत इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्यांचा.

व्याख्यानाला हा विषय फार किरकोळ आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. गाडी म्हटली की धूर आलाच, त्यात नवीन ते काय, असा प्रश्नही कोणी विचारील. परंतु चालत्या गाडीचा धूर आणि उभ्या गाडीचा धूर यांत एक मूलभूत भेद आहे. चालणारी गाडी माणसे नेते, माल नेते, रुग्णाला दवाखान्यात पोहोचविते; तिच्या धुराच्या मोबदल्यात समाजाला काही तरी मिळते. उभ्या गाडीच्या चालू इंजिनातून कोणाच्याच पदरात काही पडत नाही. मालकाचे डिझेल जळते, इंजिन झिजते आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत धूर जातो. इतका निव्वळ तोट्याचा व्यवहार दुसरा क्वचितच सापडेल; तरीही तो गावोगावी दिवसभर चालू असतो.

तो का चालतो, हे नीट समजून घेतल्याखेरीज नियमाची भाषा करणे व्यर्थ आहे. चालक आळशी असतो किंवा बेफिकीर असतो, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. खरी कारणे निराळी आहेत.

पहिले कारण गाडीच्या म्हातारपणाचे. ज्या जीपची बॅटरी उतरलेली आहे आणि सेल्फ एका दमात लागेलच अशी खात्री नाही, तिचा चालक इंजिन बंद करण्याचे धाडस करीत नाही. बंद केले आणि पुन्हा लागले नाही, तर प्रवाशांना खाली उतरवून धक्का मारावयास लावावे लागते. त्यात प्रवासीही जातात आणि अब्रूही जाते. नवी बॅटरी ही त्याच्या दृष्टीने मोठी रक्कम आहे. रोज थोडे थोडे जळणारे डिझेल मात्र हिशेबात दिसत नाही, कारण ते एकरकमी द्यावे लागत नाही. गरिबाला प्रत्येक वस्तू किरकोळीने घ्यावी लागते आणि म्हणून ती महाग पडते, हा जो नेहमीचा अनुभव आहे, तोच येथेही लागू पडतो.

दुसरे कारण अधिक लक्ष देण्यासारखे आहे. वडापची काळीपिवळी किंवा ॲपे रिक्षा प्रवाशांची वाट पाहत उभी असते. इंजिनाची घरघर ही तिची जाहिरात असते. ‘गाडी आता सुटतेच आहे’ हे त्या आवाजाने प्रवाशाला सांगितले जाते. शेजारच्या चालकाने इंजिन बंद केले आणि याने चालू ठेवले, तर घाईत असलेला प्रवासी चालू गाडीत बसतो, मग ती आणखी अर्धा तास हलली नाही तरी. अशा स्थितीत एकट्याने शहाणपणा दाखविणाऱ्याचे भाडे बुडते. सर्वांनी एकाच वेळी बंद केले, तर कोणाचेच काही बुडत नाही. समाजात नियमाची गरज नेमकी अशाच ठिकाणी निर्माण होते. येथे चालकांना उपदेश करून उपयोग नाही. त्यांच्यातील स्पर्धेचा हा एक प्रकार सर्वांसाठी सारखाच बंद करावा लागतो.

तिसरे कारण समजुतीचे. पुन्हा पुन्हा इंजिन चालू केल्याने जास्त डिझेल जाते, ही समजूत जुन्या कार्बुरेटरच्या आणि जुन्या पंपाच्या काळापासून चालत आली आहे. आजच्या इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांत दहा सेकंदांहून अधिक काळ थांबावयाचे असेल, तर इंजिन बंद करून पुन्हा चालू करणेच स्वस्त पडते. दुचाकी बनविणाऱ्या कंपन्यांनी हे ओळखून गाडीतच तशी सोय केली. हिरो कंपनीने २०१४ साली स्प्लेंडरच्या एका प्रकारात, गाडी थांबून न्यूट्रलमध्ये आली की इंजिन आपोआप बंद व्हावे आणि क्लच दाबताच पुन्हा चालू व्हावे, अशी यंत्रणा दिली. गावात ज्या गाडीला सर्वाधिक मान आहे, त्याच नावाच्या गाडीने हे सिद्ध करून दाखवावे, हे बरेच झाले.

तथापि चालकांचे प्रत्येक म्हणणे चुकीचे असते, असे समजण्याचे कारण नाही. मोठ्या बसचे आणि ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. गाडी बराच वेळ बंद राहिली की टाकीतील हवा उतरते, आणि दाब पुरता भरल्याखेरीज गाडी हलविणे धोक्याचे असते. त्यासाठी निघण्यापूर्वी काही मिनिटे इंजिन चालू ठेवणे आवश्यकच आहे. टर्बो बसविलेले इंजिन घाट चढून किंवा मोठा पल्ला मारून आले असेल, तर ते लगेच बंद न करता थोडा वेळ थंड होऊ द्यावे लागते. ही कारणे खरी आहेत आणि नियम करणाऱ्याने ती मान्य केली पाहिजेत. मात्र ती दोन-चार मिनिटांची कारणे आहेत. अर्ध्या तासाची नव्हेत.

आता प्रश्न आरोग्याचा. उभ्या स्थितीत इंजिन मंद गतीने फिरते, पुरेसे तापत नाही, आणि इंधन पूर्ण जळत नाही. अर्धवट जळालेले इंधन, काजळीचे सूक्ष्म कण, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि कार्बन मोनॉक्साइड हे सारे जमिनीपासून हात-दीड हाताच्या उंचीवर बाहेर पडते. शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाचे नाक त्याच्या किती जवळ असते, हे सांगावयास नको. लहान मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा आत घेते, आणि त्याची फुप्फुसे वाढीच्या अवस्थेत असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराची गणना माणसांत निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केली. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे. ज्या घरात मुलाच्या देखत कोणी विडी ओढू नये असा दंडक पाळला जातो, त्या घरातील मुलाला दररोज शाळा सुटल्यावर दहा-पंधरा मिनिटे या धुरात उभे केले जाते, यातील विसंगती पालकांच्या लक्षातही येत नाही.

कार्बन मोनॉक्साइडचा धोका तर याहून निकडीचा आहे. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. काचा लावून, वातानुकूलन चालू ठेवून उभ्या मोटारीत झोपलेली माणसे पुन्हा उठलीच नाहीत, अशा घटना देशात घडलेल्या आहेत. लग्नसराईत वऱ्हाड घेऊन आलेले चालक रात्री गाडीतच झोपतात. त्यांना ओसरीवर एक सतरंजी घालून देणे आणि इंजिन बंद करावयास सांगणे, एवढे यजमानाने अवश्य करावे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. खेड्यातील हवा बिघडविणारे सर्वांत मोठे कारण उभ्या गाड्या हे नाही. चुलीचा धूर, शेतातील पऱ्हाट्या व धसकटे जाळणे, उकिरड्यावर पेटविलेले प्लास्टिक, रस्त्याची धूळ यांचा वाटा त्याहून मोठा आहे. मग याच प्रश्नाला हात का घालावा? कारण असे की, बाकीच्या प्रत्येक गोष्टीत कोणाला ना कोणाला पर्याय द्यावा लागतो. चूल बंद करावयाची तर सिलिंडर भरण्याचे पैसे हवेत. पऱ्हाट्या जाळू नयेत तर त्या बारीक करणारे यंत्र हवे. इंजिन बंद करावयास एक किल्ली फिरवावी लागते आणि त्यात मालकाचे पैसे वाचतात. मोठ्या डिझेल गाडीचे इंजिन उभ्या स्थितीत तासाला साधारण दोन ते तीन लिटर डिझेल जाळते, लहान मोटारीचे अर्धा ते एक लिटर. एखादी बस वेगवेगळ्या थांब्यांवर मिळून दिवसाकाठी अर्धा तास अशी चालू राहिली, तर एक ते दीड लिटर गेले. वर्षाच्या ३०० दिवसांत ३०० ते ४५० लिटर. एसटीत चालकाची पारख दहा लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर या मापाने होते, आणि हे उभ्याने जळलेले डिझेल त्याच्याच नावावर पडते.

शिवाय शासनाची दृष्टी या बाबतीत शहरांकडे आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात महाराष्ट्रातील ज्या शहरांची नावे आहेत, त्यांत जालना आहे, अकोला आहे, जळगाव आहे, अमरावती आहे. साखरखेर्ड्याच्या चोहो बाजूंची ही शहरे. बुलढाणा जिल्ह्यातील एकही गाव किंवा शहर त्या यादीत नाही. याचा अर्थ येथील हवा शुद्ध आहे असा कोणी काढू नये. यादीत येण्यासाठी आधी मोजणी व्हावी लागते आणि मोजणीची यंत्रे शहरांत असतात. सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा आपल्या देशात २००९ पासून घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती ५ असावी असे सुचविले. हे आकडे बाजारच्या गावाच्या बसथांब्यावर कोणी पडताळून पाहत नाही. तेव्हा दिल्ली-मुंबईहून कोणी येईल आणि येथील हवेची चिंता वाहील, ही अपेक्षा सोडलेली बरी.

कायदा मात्र अगदीच मुका नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ याचे १२६वे कलम असे सांगते की, सार्वजनिक जागी उभ्या गाडीत चालकाच्या जागेवर परवानाधारक व्यक्ती बसलेली असली पाहिजे. नसेल तर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असला पाहिजे. म्हणजे गाडी चालू ठेवून चहाला उतरलेला प्रत्येक चालक आजही कायद्याचा भंगच करीत असतो. कलमाचा हेतू अर्थात हवेचा नाही. गाडी आपोआप घरंगळून अपघात होऊ नये एवढाच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर किरकोळ भंगासाठी प्रथम अपराधाला ५०० रुपये दंडाची तरतूद आहे. हे कलम कोणाला लावल्याचे गावात कोणी ऐकले असेल, असे वाटत नाही. दुसरीकडे धूर तपासणीच्या प्रमाणपत्राची सक्ती आहे, आणि गंमत अशी की ती तपासणी उभ्या गाडीवरच होते. उभी गाडी किती धूर सोडते, हे कायद्याला मोजता येते. तिने किती वेळ सोडावा, यावर तो बोलत नाही.

हे मौन इतर देशांत स्थानिक संस्थांनी भरून काढले. कॅनडातील टोरांटो नगरपालिकेने १९९६ साली तासात तीन मिनिटांहून अधिक वेळ उभी गाडी चालू ठेवण्यास बंदी केली आणि २०१० साली ती मर्यादा एका मिनिटावर आणली. न्यूयॉर्क शहरात मर्यादा तीन मिनिटांची आहे, शाळेजवळ एका मिनिटाची. तेथे नागरिकाने चालू ट्रकचे चित्रीकरण करून तक्रार केली आणि दंड वसूल झाला, तर त्याचा चौथा हिस्सा तक्रारदाराला मिळतो. त्यामुळे काही लोकांनी तो धंदाच केला. ही पद्धत आपल्याकडे आणू नये. ज्या गावात सर्वांना सर्वांकडे लग्नकार्याला जावयाचे आहे, तेथे शेजाऱ्याच्या दंडातून कमाई करण्याची सोय नियमापेक्षा भांडणेच अधिक वाढवील.

हाँगकाँगचा दाखला अधिक बोधप्रद आहे. तेथे १५ डिसेंबर २०११ पासून तासात तीन मिनिटांची मर्यादा आणि ३२० हाँगकाँग डॉलरचा दंड लागू झाला. परंतु टॅक्सीचालकांनी उकाड्याचा प्रश्न उपस्थित केला आणि तो रास्त होता. अखेर टॅक्सीच्या तळांना सवलत मिळाली, आणि तीव्र उष्म्याचा इशारा असलेल्या दिवशी नियम स्थगित राहील असे ठरले. सवलती वाढल्या तसा नियम क्षीण झाला, हे खरे. पण वऱ्हाडातील मे महिन्यात पत्र्याखाली बसणाऱ्या चालकाचा विचार न करणारा नियमही फार दिवस टिकणार नाही, हेही तितकेच खरे. त्याचे उत्तर सवलतीत नाही, सावलीत आहे. थांब्यावर कडुनिंबाची चार झाडे असतील, तर चालक गाडीतून उतरून बाकावर बसेल.

अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात चार शाळांसमोर अशी मोहीम राबवून हवेची मोजणी करण्यात आली आणि २०१३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेथे बसगाड्यांची संख्या सर्वाधिक होती, त्या शाळेसमोरील सूक्ष्म कण व काजळी लक्षणीय प्रमाणात घटली. इतर शाळांसमोर तसा फरक दिसला नाही. यावरून नियम कोठे करावा याची दिशा मिळते. गावभर करण्याचे कारण नाही. जेथे गाड्या दाटीने उभ्या राहतात आणि त्याच जागी मुले व वृद्ध थांबतात, तेथेच तो हवा.

दिल्लीत २०२० च्या ऑक्टोबरमध्ये लाल दिव्याला गाडी बंद करण्याची मोहीम निघाली. ती आवाहनाच्या स्वरूपाची होती, दंडाची नव्हती. पण साखरखेर्ड्यात लाल दिवाच नाही, तेव्हा दिल्लीचे अनुकरण करणे हास्यास्पद होईल. महाराष्ट्रातील अधिक जवळचे उदाहरण माथेरानचे. तेथे गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, आत मोटारीला बंदी आहे. रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडी एवढाच अपवाद. २००३ साली पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेने त्या जुन्या रिवाजाला आणखी बळ दिले. अलीकडे हाताने रिक्षा ओढणाऱ्यांच्या कष्टांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ई-रिक्षांना वाट मिळाली. म्हणजे नियम कडक राहिला आणि माणसाच्या श्रमाचा विचारही झाला. गाव आपल्या हवेसाठी मोटारीला अट घालू शकते, हे माथेरानने पिढ्यान् पिढ्या दाखविले आहे.

काहींना असे वाटते की, रस्त्यावरील वर्तनाला स्थानिक दंड ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे. तसे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या व्यवस्थेविषयीचे प्रकरण आहे. रस्त्यावर धूळ-माती टाकणाऱ्यास अष्टमांश पण दंड, चिखल-पाण्याने रस्ता अडविणाऱ्यास पाव पण, आणि हेच राजमार्गावर केले तर दुप्पट, अशी तेथे प्रतवारी आहे. अस्वच्छतेच्या दंडांचाही तेथेच उल्लेख आहे. मात्र औषधाने, रोगाने किंवा भयाने ज्याच्या हातून ती घडली, त्याला दंड नाही. लहान दंड, जागेनुसार वाढणारा, आणि असहायाला सूट : दोन हजार वर्षांपूर्वीच्या या रचनेत आजही बदल करावासा वाटू नये. आपल्या तालुक्याचे नाव ज्या जिजाऊंमुळे महाराष्ट्रभर पोहोचले, त्यांच्या पुत्राने उभारलेल्या राज्याच्या आज्ञापत्रातही गडावरील मार्ग व बाजार स्वच्छ राखण्याची, केर जाळून त्याच्या राखेवर परसात भाजीपाला करण्याची आज्ञा आहे. रामचंद्रपंत अमात्यांना मोटार ठाऊक नव्हती. पण घाण आपल्या दारातून काढून दुसऱ्याच्या दारात टाकणे म्हणजे स्वच्छता नव्हे, एवढे ठाऊक होते.

आता गावाने प्रत्यक्षात काय करावे? ग्रामपंचायतीला मोटारीवर दंड बसविण्याचा थेट अधिकार नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. त्यात बैलगाडीच्या आणि टांग्याच्या तळावर फी घेण्याची तरतूद आहे. बैलाने मात्र उभ्याने धूर सोडल्याचे ऐकिवात नाही. परंतु मोटार वाहन अधिनियमाचे ११७वे कलम उपयोगाचे आहे. गाड्यांनी कोठे आणि किती वेळ उभे राहावे, प्रवासी गाड्यांचे थांबे कोठे असावेत, हे शासनाने किंवा शासनाने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याने स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवावे, असे ते कलम म्हणते. ग्रामसभेने ठराव केला, तर त्या विचारविनिमयाचा प्रारंभ गावाकडून होतो. थांबा ठरला की त्याबरोबर नंबर ठरविता येतो, आणि नंबर ठरला की इंजिनाच्या घरघरीने प्रवासी ओढण्याचे प्रयोजनच उरत नाही. पहिल्या नंबरची गाडी सुटल्यावरच दुसरीत प्रवासी बसावयाचे, हा रिवाज अनेक ठिकाणी चालक मंडळींनी आपापसांत पाळलेला आहे. तो पाटीवर लिहिला जावा इतकेच.

शाळेचा प्रश्न याहून सोपा आहे. महाराष्ट्रात २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते आणि मुख्याध्यापक तिचे प्रमुख असतात. मुलांना नेणाऱ्या गाडीच्या चालकाने फाटकाशी येताच इंजिन बंद करावे आणि सर्व मुले बसल्यावरच चालू करावे, ही अट या समितीला आपल्या करारात घालता येते. त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावयास नको. पालकांच्या मोटारसायकलींना तीच अट शाळेच्या पालकसभेने घालावी. घरचे पाहून मूल शिकते, आणि वडिलांना गाडी बंद करावयास सांगणारे मूल कोणत्याही पोलिसापेक्षा प्रभावी ठरते.

बसस्थानकाचे आवार एसटीचे आहे. तेथे गावाचा ठराव चालणार नाही. पण मेहकर आणि चिखली येथील आगार व्यवस्थापकांना पत्र जाऊ शकते. डिझेलची बचत हा महामंडळाच्याही जिव्हाळ्याचा विषय आहे. १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरची बस धावली. तशा गाड्या सर्व आडमार्गांवर येईपर्यंत डिझेलच्याच गाड्यांवर काम भागवावे लागणार आहे.

दंडाचा प्रारंभ कोठून व्हावा, हा मात्र नाजूक प्रश्न आहे आणि या संपूर्ण नियमाचे भवितव्य त्यावर अवलंबून आहे. नियमाची पहिली पावती ॲपेवाल्याच्या हाती पडली आणि काळ्या काचांची मोटार तासभर वातानुकूलन चालू ठेवून बँकेसमोर उभी राहिली, तर आठ दिवसांत गाव त्या नियमाला हसू लागेल. ते हसणे योग्यच असेल. नेते येतात तेव्हा त्यांच्या ताफ्यातील गाड्या भाषण संपेपर्यंत चालू असतात. संस्था-संघटनांच्या मेळाव्यांतही निराळे दृश्य नसते. १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी सिंदखेडराजाला गाड्यांची रीघ लागते. अशा प्रत्येक प्रसंगी वाहनतळावर उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकांना आणखी एक काम द्यावे : गाडी जागेवर लागली की काचेवर टकटक करून इंजिन बंद करावयास सांगणे, आणि ते काम पाहुण्यांच्या गाडीपासून सुरू करणे. कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या गाड्या त्या वेळी बंद असतील, हे वेगळे सांगण्याचे कारण पडू नये.

ज्याच्या गाडीचा सेल्फ लागत नाही, त्याला प्रथम दंड नको. त्याला बॅटरीसाठी गावातील पतसंस्थेने लहान कर्ज द्यावे; वाचलेल्या डिझेलमधून ते काही महिन्यांत फिटू शकते. रुग्णवाहिका, हवेचा दाब भरणारी बस आणि मळणीसाठी चालू ठेवलेला ट्रॅक्टर यांना नियम लागू नसावा. बाकी सर्वांना तीन मिनिटे पुरेत, शाळेच्या फाटकाशी एकही नको.

राज्य शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले. त्यातील पाच तत्त्वांपैकी वायू हे एक आहे आणि ग्रामपंचायतींना त्यात भाग घेता येतो. झाडे लावण्याचे आकडे अशा अभियानांत नेहमीच भरले जातात. इंजिन बंद करण्याचा ठराव त्यात नोंदविला गेला, तर तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याला वायू या रकान्यात वाचावयास काही तरी नवे मिळेल.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या सुमारास भरतात. ठरावाचा मसुदा पाऊण पानाचाही होणार नाही. दोन जागांची नावे, तीन मिनिटांची मर्यादा, वर सांगितलेले अपवाद, चालकांच्या नंबरची पद्धत, आणि पहिले तीन महिने केवळ समज देण्याची तरतूद. ठरावाची एक प्रत बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयाला, एक साखरखेर्डा पोलीस ठाण्याला, एक दोन्ही आगारांना आणि एक प्रत्येक शाळेच्या मुख्याध्यापकांना. पाटी मराठीत, चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि बँकेसमोरची सर्वांत आधी.